सरवा वेचणाऱ्या तिघी

पीक कापून झाले, पेंढ्या बांधल्या, गाडी खळ्याकडे गेली, म्हणजे रानात जे मागे उरते त्याला मराठीत 'सरवा' म्हणतात. शहरी बोलण्यातून हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला आहे. तो टिकून आहे तो खेड्यातील कष्टकऱ्यांच्या तोंडी आणि मराठी बायबलातील रूथच्या कथेत. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रांस्वा मिले याच्या एका अम्लरेखनाचे, म्हणजेच एचिंगचे, नावही नेमके हेच आहे. 'सरवा वेचणाऱ्या' हे त्याचे मराठी रूपांतर अगदी शब्दशः होते. इंग्रजीतून ते 'ग्लीनर्स' या नावाने आपल्याकडे परिचित आहे. या लहानशा ठशाचा भाव कोणता आणि त्यातील प्रतीके कोणती, याविषयी दीडशेहून अधिक वर्षे लिहिले जात आहे. कळवणच्या मातीत उभे राहून तो पाहिला तर त्याचा अर्थ काही निराळा लागतो काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे हाती घेतला आहे.

प्रथम ठशाकडेच पाहू. तो साधारण १९ सेंटिमीटर उंच व २५ सेंटिमीटर रुंद आहे. १८५५-५६ च्या सुमारास मिलेने तो केला. पुढ्यात तीन शेतकरी स्त्रिया आहेत. त्यांच्यापैकी दोघी कमरेतून पार वाकल्या आहेत आणि त्यांचे हात जमिनीला लागले आहेत. तिसरी अर्धवट वाकलेली आहे. ती वाकण्याच्या बेतात आहे की नुकतीच उठू लागली आहे, हे सांगता येत नाही. त्यांच्या पायांखाली कापलेल्या पिकाचे खुंट आहेत. मागे, दूर अंतरावर, धान्याच्या मोठाल्या गंज्या, भरलेली गाडी आणि कापणीत गुंतलेली माणसे दिसतात. ती इतकी लहान आहेत की डोळे बारीक करून पाहावे लागते. याच मांडणीवरून मिलेने पुढे तैलचित्र रंगविले आणि १८५७ साली पॅरिसच्या 'सालों' या सरकारी प्रदर्शनात मांडले. ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. जगभर प्रसिद्धी पावले ते तैलचित्र. तथापि मूळचा काळा-पांढरा ठसा आम्हांस अधिक बोलका वाटतो, आणि त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे.

अम्लरेखनाची कृती अशी. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ थर देतात. त्या थरावर सुईने चित्र काढतात; जेथे सुई फिरते तेथे थर निघून तांबे उघडे पडते. मग पत्रा आम्लात बुडवितात. आम्ल उघड्या रेघांतून तांबे खाते आणि बारीक चर तयार होतात. थर काढून टाकून पत्र्याला शाई चोळतात व वरची शाई पुसून घेतात, तेव्हा ती फक्त चरांत उरते. ओलसर कागद त्यावर ठेवून दाबयंत्रातून काढला की चरांतील शाई कागदावर उतरते. नाशिकच्या तांबटआळीत तांब्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या कारागिरांना या धातूचा स्वभाव सांगायला नको. येथे रंग नाही, झाकपाक नाही. जे आहे ते रेघ, रेघांची गर्दी आणि कोरा कागद. खुंटांनी भरलेली जमीन, वाकलेल्या पाठी आणि जाड्याभरड्या कपड्यांच्या चुण्या एकाच सुईच्या रेघांनी झाल्या आहेत. त्यामुळे त्या स्त्रिया आणि ती जमीन एकाच द्रव्याची वाटते. तैलचित्रात त्यांच्या डोक्यावरील निळे, तांबडे रुमाल आणि कलत्या उन्हाची सोनेरी झाक नजर गुंतवून ठेवते. ठशात नजर थेट कामावर जाते.

मिले हा हौसेने खेड्यात गेलेला शहरी माणूस नव्हता. ४ ऑक्टोबर १८१४ रोजी नॉर्मंडीतील ग्रुशी या समुद्रकाठच्या वस्तीत, एका शेतकरी कुटुंबात तो जन्मला. घर भाविक कॅथलिक. आजीचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. गावच्या धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकविले. नांगर, कोयता, दाताळे यांची सवय असलेला हा मुलगा पुढे शेर्बूर आणि तेथून १८३७ साली पॅरिसला चित्रकला शिकण्यास गेला. १८४८ ची राज्यक्रांती त्याने पॅरिसमध्ये पाहिली. दुसऱ्याच वर्षी, १८४९ मध्ये, तो कुटुंबासह बार्बिझों या खेड्यात राहावयास गेला आणि २० जानेवारी १८७५ रोजी मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. त्याच वेळी शार्ल झाक हा चित्रकारही तेथे राहावयास आला होता आणि तो अम्लरेखनात निष्णात होता. मिलेने स्वतः केलेली अम्लरेखने मोजकीच आहेत. खोदणारे, लापशी भरविणारी आई, मेंढ्या राखणारी मुलगी, पहाटे कामावर निघालेले जोडपे असे त्यांचे विषय. सर्वांत माणूस कोणते ना कोणते काम करीत आहे.

आता रूथकडे वळू. १८५० ते १८५३ या काळात मिलेने कापणीकऱ्यांच्या न्याहारीचे एक मोठे चित्र रंगविले. प्रारंभी त्याच्या मनात विषय होता रूथ आणि बवाज यांचा. मवाबी देशाची परकी, विधवा रूथ सासूसह बेथलेहेमला येते, बवाजाच्या शेतात सरवा वेचते आणि शेतधनी तिला आपल्या माणसांत बसवून जेवू घालतो, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. १८५३ च्या प्रदर्शनात हे चित्र मांडताना मिलेने बायबलातील नाव काढून टाकले आणि 'कापणीकऱ्यांचे जेवण' असे साधे नाव दिले. रूथ हे नाव गेले. संकोचून बाजूला उभी असलेली सरवेवाली मात्र चित्रात राहिली. दोन-तीन वर्षांनी केलेल्या आमच्या ठशात मिले आणखी पुढे गेला. येथे बवाजही नाही. कोणी हाताला धरून या तिघींना पंगतीत नेत नाही. पेंढ्यांतून मुद्दाम चार कणसे खाली टाकावीत असे सांगणारा धनी येथे नाही. तैलचित्रात दूरवर घोड्यावर बसलेला एक मुकादम दिसतो, तेवढाच काय तो धन्याचा माणूस.

या बदलाचे मर्म समजण्यासाठी सरव्यामागचा कायदा माहीत हवा, आणि चित्राविषयीच्या लिखाणात नेमका तोच पुष्कळदा सुटतो. लेवीय व अनुवाद या पुस्तकांत इस्राएली शेतकऱ्याला स्पष्ट आज्ञा आहेत. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेली कणसे पुन्हा गोळा करू नयेत, विसरलेली पेंढी आणायला माघारी जाऊ नये. ते सारे परका, अनाथ व विधवा यांचे. येथे दानाची भाषा नाही. धन्याने प्रसन्न होऊन काही द्यावे असे हा कायदा म्हणत नाही; ते धन्याचे नव्हेच, असे तो म्हणतो. रूथ शेतात गेली ती याच आधाराने. बवाजाचे मन मोठे होते हे खरे. पण त्याचा मोठेपणा सुरू होतो तो कायद्याने दिलेल्याच्या पुढे.

हीच रीत युरोपच्या खेड्यांत शतकानुशतके चालली. फ्रान्समध्ये दुसऱ्या हेन्री राजाच्या १५५४ सालच्या आज्ञेने म्हातारे, अपंग, मुले अशा कापणीचे काम न झेपणाऱ्या माणसांना सरवा वेचण्याची मुभा दिली. त्याच आज्ञेने तिला मर्यादाही घातल्या. पुढे १८१० च्या दंडसंहितेत, पीक पुरते न उचललेल्या शेतात किंवा सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर सरवा वेचणाऱ्यास दंड सांगितला. ही माहिती मनात ठेवून पुन्हा ठशाकडे पाहिले तर त्यातील प्रत्येक अंतराला अर्थ येतो. तिघी रिकाम्या झालेल्या भागात आहेत, कारण उरलेल्या भागात त्यांना मज्जाव आहे. कापणीकरी दूर आहेत, कारण त्यांचे काम इकडे संपल्यावरच यांचे सुरू होते. पाठ सरळ करायला उसंत नाही, कारण दिवस मावळला की मुभा संपली. तैलचित्रातील तो घोडेस्वार नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी आहे. या अर्थाने चित्रातील सारी उदासी कायद्याच्या चौकटीतून आलेली आहे. ती आभाळातून किंवा चित्रकाराच्या स्वभावातून उतरलेली नाही.

१८५७ च्या प्रेक्षकांनी मात्र हे चित्र निराळ्या रीतीने वाचले. क्रांतीला नऊ वर्षे झाली होती, देशात दुसऱ्या साम्राज्याचा अंमल होता आणि सुखवस्तू वर्ग धास्तावलेला होता. 'फिगारो' पत्रातील एका समीक्षकाला या तिघींच्या मागे क्षितिजावर १७९३ च्या उठावाचे भाले आणि वधस्तंभ दिसले. पॉल द सँ-व्हिक्टर या समीक्षकाला त्या दारिद्र्याच्या तीन नियतीदेवता वाटल्या आणि त्याने त्यांचा ऐटबाजपणा दोषास्पद ठरविला. दुसरीकडे त्यांच्या बाजूने लिहिणारेही होते. त्यांना या साध्या आकृतींत थोर धर्मचित्रांचे गांभीर्य दिसले. काहींना धमकी दिसली, काहींना पावित्र्य दिसले. त्या स्त्रिया तेथे कोणत्या अधिकाराने आल्या आहेत, हे विचारण्याची फारशी कोणाला गरज वाटली नाही.

पुढे पावित्र्याच्या वाचनाचीच सरशी झाली. त्याला मिलेचेच दुसरे चित्र, १८५७ ते १८५९ या काळात रंगविलेले 'आंजेलुस', कारणीभूत झाले. संध्याकाळची घंटा ऐकून बटाट्याच्या शेतात मान लववून उभे राहिलेले ते जोडपे आणि मागे शायी गावच्या चर्चचा मनोरा, हे चित्र छापील प्रतींतून जगभरच्या ख्रिस्ती घरांत गेले. घंटा झाली की आजी काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना करायला लावीत असे, या आठवणीतून ते काढल्याचे मिलेने सांगितले आहे. 'आंजेलुस'मधील लवलेल्या माना पाहून सरवा वेचणाऱ्यांच्या वाकलेल्या पाठीही लोकांना प्रार्थनेसारख्या वाटू लागल्या. किंमतीही चढल्या. १८५७ साली ३,००० फ्रँकना विकले गेलेले 'सरवा वेचणाऱ्या' हे तैलचित्र १८८९ मध्ये पॉमेरी बाईंनी ३,००,००० फ्रँकना घेतले आणि त्यांच्या इच्छेनुसार ते राष्ट्राकडे गेले. चित्रकार तोवर थडग्यात होता. सरव्याचे चित्र शंभरपटीने महागले, ही गोष्ट त्या विषयाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वाकणे म्हणजे नमणे, हे वाचन आम्ही सर्वस्वी नाकारीत नाही. आमच्या भागातील कोकणा समाजात धान्याला कणसरी मानतात. ती देवता आहे. तिचा दाणा पायदळी जाऊ नये म्हणून वाकून उचलावा, ही भावना खरी आहे. ब्रेडच्या तुकड्यात ख्रिस्तशरीर पाहणाऱ्यांस तर ती परकी वाटण्याचे कारणच नाही. परंतु 'आंजेलुस' आणि सरव्याचा ठसा यांतील एक भेद डोळ्यांआड करता कामा नये. 'आंजेलुस'मधील जोडपे काम थांबवून ताठ उभे आहे, केवळ मान लवली आहे. त्यांची मस्तके क्षितिजाच्या वर, प्रकाशात आहेत. सरव्याच्या चित्रात वाकलेल्या दोघींच्या पाठी क्षितिजरेषेच्या खालीच राहतात. तिसरीचे डोके काय ते त्या रेषेपर्यंत पोहोचते. आभाळ आहे, पण त्यात त्यांचा वाटा नाही. नमणारा माणूस आपल्या इच्छेने लवतो. येथे कंबर वाकविली आहे ती जमिनीवरच्या कणसाने. प्रतीक असलेच तर ते क्षितिजाच्या त्या रेषेत आहे. ते बाहेरून आणून चिकटविलेले नाही. ज्याला सरवा वेचायचा आहे त्याची पाठ खरोखरच तेथवर खाली जाते. वास्तववादी चित्रकाराचे प्रतीक असेच असते. ते आधी वस्तुस्थिती म्हणून खरे ठरावे लागते.

आता कळवणकडे येऊ. सप्तशृंग, मार्कंड्या आणि धोडप यांच्या सावलीतील हा तालुका; गिरणा येथल्याच दळवटच्या डोंगरांत उगम पावते. पश्चिमेला अभोणा-कनाशीकडे भात, नागली, वरई. पूर्वेला बाजरी, मका आणि कांदा. भुईमूग उपटून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा, खळ्याभोवती सांडलेली कणसे, कांदा काढल्यावर रानात पडलेली चिंगळी वेचणाऱ्या बायकापोरे येथे कोणी पाहिली नाहीत असे नाही. पण नगदी पिकाची चिंगळीही वजनावर विकली जाऊ लागली, तसा सरवा आटत गेला. डोंगराकडच्या अनेक कुटुंबांना दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीसाठी जावे लागते. सरव्याची जागा मजुरीने घेतली, हे बरेच झाले असे कोणी म्हणेल. पण मजुरी जेथे संपते तेथून पुढे म्हाताऱ्यांचे आणि विधवांचे काय, हा जुन्या कराराचा प्रश्न तसाच उरतो.

येथला खरा सरवा मात्र शेतात नाही, तो जंगलात आहे. चैत्रात पहाटे मोहाखाली वाकून फुले वेचणाऱ्या बायांची आकृती मिलेच्या ठशातील आकृतीपेक्षा वेगळी नसते. मोह, टेंभुर्णीची पाने, डिंक, रानभाज्या, सरपण हे सारे वेचण्याचेच जिन्नस. आणि येथेही इतिहास कायद्याचाच आहे. ब्रिटिश काळात, १८७८ चा वन कायदा होण्याआधी, सरकारी अधिकाऱ्यांत वाद झाला तो याच मुद्यावर. जंगलातून वेचून आणणे हा गावकऱ्यांचा हक्क आहे की सरकारने दिलेली सवलत? बी. एच. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याने हक्क आणि सवलत यांत काटेकोर भेद केला आणि रूढीने चालत आलेला वापर बहुतांशी सवलतीच्या खात्यात टाकला. कायदा त्याच बाजूला झुकला. सवलत दिली तशी काढून घेता येते. जे आपले म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वेचले ते एका कलमाने उपकार ठरले, आणि उपकार नाकारला गेला की तेच वेचणे चोरी ठरले. फ्रान्सच्या दंडसंहितेत सूर्यास्तानंतर जे घडत होते ते सह्याद्रीत दिवसाढवळ्या घडू लागले.

स्वातंत्र्यानंतर पेठ, सुरगाणा यांच्याबरोबर कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९८५ च्या आदेशातही ही तीन नावे एकत्र येतात. परंतु जंगलावरील हक्काची कबुली मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याने वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या उद्देशिकेतच मान्य केले, आणि परंपरेने गोळा केले जाणारे गौण वनोत्पन्न वेचण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मालकीसह मान्य केला. लेवीयाच्या भाषेजवळ आपला कायदा इतक्या उशिरा का होईना, आला. कागदावर आलेला हक्क जमिनीवर उतरेना, म्हणून ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी व आदिवासी पायी निघाले. सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी येथील माणसे त्यांत मोठ्या संख्येने होती. सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला ते मुंबईत पोहोचले. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीच चालून काढली. वनहक्काचे दावे निकाली काढावेत ही त्यांची प्रमुख मागणी होती. सरकारने लेखी आश्वासन दिले. ते पुरे न झाल्याने २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा पावले उचलावी लागली.

या मोर्चाचे कोणते चित्र देशाला आठवते? भेगाळलेल्या, सोललेल्या, रक्ताळलेल्या तळपायांचे. ती छायाचित्रे पाहून मुंबईकरांचे हृदय द्रवले. लोकांनी पाणी दिले, बिस्किटे दिली, चपला आणून दिल्या. ती माणुसकी खरी होती आणि तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. त्याच वेळी काहींना तांबडे झेंडे पाहून भय वाटले. एकशे साठ वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधील दोन्ही प्रतिक्रिया येथे जशाच्या तशा हजर होत्या: एकाला करुणा आली, दुसऱ्याला धास्ती वाटली. चपला मिळाल्या, पण ती माणसे चपला मागावयास आली नव्हती. त्यांच्या हाती वनहक्काच्या दाव्यांचे कागद होते, आणि छायाचित्राच्या चौकटीत तळपाय आले, कागद आले नाहीत.

ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्र वाचताना आपली चूक बहुधा येथेच होते. भाव शोधण्याच्या घाईत आपण चेहऱ्याकडे, उन्हाकडे, पायांकडे पाहतो आणि उदास, सात्त्विक, भीषण अशी विशेषणे लावून मोकळे होतो. मिलेच्या ठशातील वाकलेल्या दोघींचे चेहरे तर आपल्याला नीट दिसतही नाहीत. त्याने चेहरे झाकले आणि अंतरे स्पष्ट दाखविली: पुढची जमीन रिकामी, मागची भरलेली, मध्ये कोणी ओलांडत नाही असे रान. ते शेत कोणाचे, तेथे उतरण्याची मुभा कोणाला, केव्हापासून केव्हापर्यंत आणि ती देणारा कोण, हे प्रश्न ठसा आपल्यापुढे ठेवतो. त्यांची उत्तरे माहीत झाल्यावर करुणा यावी. आधी आली तर ती त्या तिघींना भिकारणी ठरविते, आणि भिकारणी त्या नव्हत्या.

रूथने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेचले, वेचलेले झोडले आणि सुमारे एफाभर जव घेऊन ती सासूकडे परतली. बायबल त्या धान्याचे माप सांगते. ते तिने मागून आणले नव्हते, वेचून आणले होते, आणि तेथे वेचण्याचा तिला अधिकार होता. पुढे दावीद राजा जन्मला तो तिच्याच वंशात, आणि मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना या सरवा वेचणाऱ्या परकीचे नाव गाळले नाही.